पुण्याची बदली

मार्फत ५६ ए.पी.ओ.
६ ऑगस्ट १९९८

प्रिय सरोजआत्या,

नमस्कार. आधी दार लावून घे आणि मग हे पत्र वाच. बाबांना दाखवू नकोस. तू त्यांची मोठी बहीण आहेस, त्यांच्यापासून काही लपवणं तुला जड नाही.

फोन केला असता, पण इथला फोन एक्स्चेंजमधून जातो आणि ऑपरेटर शब्दन् शब्द ऐकतो. मागे आईला लोणचं संपलं म्हणून सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी मेसमध्ये तिघांनी लोणच्याच्या बरण्या आणून दिल्या. तेव्हा हे पत्रातच.

मंगळवारी, ४ तारखेला, एक गोष्ट घडली. कशी लिहावी ते दोन दिवस सुचत नव्हतं. शेवटी तू शिकवलंस तशी लिहिते, पेशंटच्या कागदावर लिहितात तशी. म्हणजे लिहून तरी होईल.

दुपारी २.४०. चादरींचं गोदाम, वार्षिक मोजणी. हजर: लेफ्टनंट उल्का दामले, आणि क्वार्टरमास्टर मेजर, ज्यांच्या ताब्यात रुग्णालयाचं सगळं सामान असतं. स्टोअर सांभाळणारे हवालदार मच्छिंद्र सातव यांना मेजरनी यादी आणायला ऑफिसात पाठवलं. २.४५. मेजरनी दाराला आतून कडी घातली. लेफ्टनंटना मागून धरलं. लेफ्टनंट 'सोडा' म्हणाल्या, दोनदा, मोठ्याने. त्यांच्या तोंडावर हात दाबला गेला. युनिफॉर्मची दोन बटणं तुटली. लेफ्टनंटनी लाथ मारली, रॅक कोसळला. २.५०. हवालदार सातव यांनी बाहेरून धक्का मारून कडी उखडली. त्यांनी पाहिलं. मेजर म्हणाले, "सिस्टरना चक्कर आली." सातव आत आले. स्वतःचा रेनकोट लेफ्टनंटच्या खांद्यावर टाकून वॉर्डपर्यंत सोडायला आले, दोन पावलं मागे राहून.

संपला रिपोर्ट.

आत्या, मी रडले नाही. चादरी मोजायच्या राहिल्या याचीच काळजी करत बसले, वेडी कुठली! संध्याकाळी मेजर वॉर्डात आले आणि हसत हसत म्हणाले, "तुझी नोकरी दोन वर्षांची, माझी एकोणीस. कुणाचं ऐकतील, हिशेब कर." त्या हसण्याची मला जास्त भीती वाटली. तेव्हापासून कुणी मागून आलं की हातातला ट्रे खडखडतो.

तुझी अठ्ठावीस वर्षं लष्करी नर्सिंगमध्ये गेली. लेफ्टनंट कर्नल होऊन निवृत्त झालीस. तू सांग, मी काय करू?

तुझी,
उल्का

*

कर्वेनगर, पुणे
१३ ऑगस्ट १९९८

चि. उल्का,

पत्र आज दुपारी मिळालं. तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचायची हिंमत झाली नाही. त्या माणसाला समोर उभा करून कानाखाली आवाज काढावा असं वाटलं. पण छप्पन्न वर्षांच्या बाईला कानाखाली काढण्यासाठी दोन दिवसांचा रेल्वे प्रवास करावा लागतो, म्हणून पेन घेतलं.

आता नीट ऐक. गोदामात, लॅबमध्ये, एक्स-रेच्या खोलीत एकटीने जायचं नाही. बरोबर दुसरी सिस्टर हवीच. युनिफॉर्म धुवायला टाकू नकोस, आहे तसा कागदात गुंडाळून कुलपात ठेव. जेवण चुकवू नकोस. आणि तक्रार सध्या अजिबात लिहू नकोस.

चिडू नकोस. मी नोकरी पाहिली आहे, तू अजून नुसते सुट्टीचे अर्ज पाहिलेस. कागद एकदा वर गेला की तो मुलीच्याच मागे लागतो. ती कशी चालायची, कुणाशी हसायची, मेसमध्ये कुणाशेजारी बसायची, सगळ्याची चौकशी होते. त्याची होत नाही. माझ्या काळात अशा चार मुली माझ्याकडे आल्या आणि चारही जणींना मी वाचवलं. गाजावाजा नाही, कागद नाही. आजही आमच्या निवृत्त सिस्टर्सच्या चहाला माझी ओळख 'मुलींना जपणारी' अशी करून देतात. या दसऱ्याला त्याबद्दल सत्कारही करणार आहेत, शाल आणि नारळ. शाली माझ्याकडे सहा आहेत, पण असो.

तू फक्त गप्प राहा आणि पंधरा दिवस काढ. माझ्याकडे एक मार्ग आहे. कसला ते विचारू नकोस.

तुझ्या बाबांना, श्यामला, काही बोललेले नाही. तो आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीशी चपलांच्या पाटीवरून भांडून आला आणि आता दोन दिवस त्याच विजयात आहे.

आशीर्वाद.
सरोजआत्या

*

मार्फत ५६ ए.पी.ओ.
२४ ऑगस्ट १९९८

प्रिय आत्या,

तुझं पत्र मिळालं, पण उशिरा. त्याच्या दोन दिवस आधी, १८ तारखेला, मी तक्रार दिली होती.

रागावशील. पण आधी पुढचं वाच, कारण मी अजून त्या दिवसाच्या आश्चर्यातून बाहेर आलेले नाही.

मी आमच्या मेट्रनबाईंकडे गेले. त्यांना मी फार घाबरते. चादरीची घडी एक बोट तिरकी दिसली तर वॉर्ड डोक्यावर घेतात. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं आणि ओरडा खायच्या तयारीत राहिले. त्यांनी उठून खुर्ची ओढली, मला बसवलं आणि स्वतः समोर स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "सगळ्यात आधी, तुझी काही चूक नाही. आता मी विचारेन आणि तू सांगशील. डॉक्टरांना भेटायचंय? आज खोलीत सोबत कुणी हवंय? घरी कळवायचं की नाही? तक्रार लेखी द्यायची की नाही? प्रत्येक गोष्ट तू ठरवायचीस. 'नाही' म्हणालीस तरी मी तुझ्याच बाजूला आहे."

आत्या, चार तारखेपासून पहिल्यांदा मला कुणी काही विचारलं होतं! आणि मग मी रडले. इतकी रडले की मेट्रनबाईंनी बाहेरच्या ऑर्डर्लीला चहा आणायला पाठवलं, आणि त्याने घाबरून सहा कप आणले.

सुप्रीम कोर्टाने गेल्या वर्षी सांगितलंय की नोकरीच्या प्रत्येक ठिकाणी अशी तक्रार ऐकणारी समिती हवी, प्रमुख बाई हवी आणि एक सदस्य बाहेरची हवी. तुला हे ठाऊक होतं? मला नव्हतं. मेट्रनबाईंनी तो कागद ड्रॉवरमध्ये जपून ठेवला होता. आमच्या कमांडिंग ऑफिसरनी तो दोनदा वाचला आणि समिती नेमली. शेजारच्या युनिटमधल्या डॉक्टर कर्नलबाई अध्यक्ष, आणखी एक महिला अधिकारी सदस्य, आणि गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाहेरच्या सदस्य. इथली ही पहिलीच समिती. मेजरना नर्सिंगच्या इमारतीत पाऊल टाकायला मनाई झाली आहे. दर बुधवारी मी एका डॉक्टरबाईंकडे बोलायला जाते. ट्रे आता कमी खडखडतो.

तुझ्या पत्रातली एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. त्या चार मुलींना तू वाचवलंस म्हणजे नक्की काय केलंस? आणि त्यांना विचारलं होतंस?

उल्का

*

कर्वेनगर, पुणे
२ सप्टेंबर १९९८

चि. उल्का,

तक्रार दिलीस. दिलीस तर दिलीस. माझा सल्ला मागितला होतास हे विसरलीस, तेही ठीक. हल्ली सल्ला हा मागायचा पदार्थ आहे, खायचा नाही.

तुमच्या मेट्रनबाईंबद्दल वाचलं. दोनदा वाचलं. मीसुद्धा मेट्रन होते. मी कुणासमोर स्टुलावर बसले नाही.

विचारलंस म्हणून सांगते. चारही मुलींची मी बदली करून घेतली. ओळखी वापरून, पंधरा दिवसांच्या आत, दूर कुठेतरी. आम्ही तसंच करत होतो. ठिणगी पडली की गवत हलवायचं. मुलगी सुटायची, नाव शाबूत राहायचं, रुग्णालय चालू राहायचं.

पहिली होती विजयमाला पोकळे. आपल्या इथल्या धायरीची. शेतकऱ्याची मुलगी, गावातून लष्करात अधिकारी झालेली पहिलीच. १९७६ साल. एका कर्नलबद्दल सांगायला माझ्या ऑफिसात आली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. मी तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, आणि आठवड्याभरात तिला आसामला पाठवलं. कर्नल तिथेच राहिले. आठ महिन्यांनी तिने राजीनामा दिला. लग्न ठरलं असेल असं मी धरून चालले. चांगलंच झालं म्हणाले.

नाही, विचारलं नव्हतं.

असो. तुला लवकरच एक चांगली बातमी कळेल. तेव्हा आत्याला शिव्या देणं थांबवशील.

सरोजआत्या

*

मार्फत ५६ ए.पी.ओ.
२१ सप्टेंबर १९९८

आत्या,

तुझी चांगली बातमी मिळाली. समितीसमोर मिळाली.

१७ तारखेला पहिली बैठक झाली. मी माझं सगळं सांगितलं. मग मेजरच्या बाजूने बोलायला आलेल्या अधिकाऱ्याने एक कागद पुढे केला. दिल्लीच्या मुख्यालयातून मागवलेला. 'माझी भाची लेफ्टनंट उल्का दामले हिची घरच्या अडचणीमुळे पुण्यात बदली व्हावी. तिचीही तशी इच्छा आहे.' तारीख १३ ऑगस्ट. तो म्हणाला, "बघा. आधी पुण्याची बदली मागितली. पाच दिवसांत मिळाली नाही, तेव्हा तक्रारीचं नाटक केलं. पुण्याची पोस्टिंग कुणाला नको असते?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, "हे तुमच्या सांगण्यावरून लिहिलंय का?" मी नाही म्हणाले. पण माझा आवाज मलाच खोटा वाटला. कारण ते अक्षर मी ओळखलं होतं, आत्या. त्याच अक्षरात तू मला पाढे लिहून दिले होतेस.

'तिचीही तशी इच्छा आहे.' हे तू कुठून आणलंस? मी तुला विचारलं होतं की काय करू. घरी आणून ठेव असं कुठे म्हटलं होतं? त्या माणसाने गोदामात मला विचारलं नाही आणि तू कर्वेनगरमध्ये बसून विचारलं नाहीस. दोन्ही सारखं नाही, ठाऊक आहे मला. तरी लिहिते, कारण तसं वाटलं.

आणि काल बदलीचा हुकूम आला. पुणे. पंधरा दिवसांत हजर व्हायचं. इथे सगळ्या मैत्रिणींनी हेवा करावा असा हुकूम! मी गेले तर ते म्हणतील, हिला हवं ते मिळालं, आणि तक्रार तिथेच मिटेल. नाही गेले तरी तुझं पत्र फायलीत आहेच. मी नकाराचा अर्ज दिला आहे. क्लार्कने तो तीनदा वाचला आणि म्हणाला, "सिस्टर, 'नको' हा शब्द चुकून पडलाय का?"

पुढची बैठक १५ ऑक्टोबरला. हवालदार सातव साक्ष देणार आहेत. ते वाघोलीचे, पेन्शनला अकरा महिने राहिलेत. त्यांना कोणकोण भेटून जातंय ते मी बघते आहे. ते आले नाहीत तर माझ्याकडे दोन तुटकी बटणं आहेत आणि तुझं पत्र आहे.

आता तू काही करू नकोस. कृपा करून काहीही करू नकोस.

उल्का

*

कर्वेनगर, पुणे
४ ऑक्टोबर १९९८

चि. उल्का,

माझी चूक झाली. याच्या पुढे 'पण' लिहायची सवय आहे, ती आज मोडते.

'तिचीही तशी इच्छा आहे' हे वाक्य मी चारही वेळा लिहिलं होतं. पाचव्यांदा तुझ्यासाठी लिहिलं. हात आपोआप गेला. तुझं पत्र मी दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचत राहिले. तिसऱ्या दिवशी आमच्या सिस्टर्सना फोन करून सत्कार नको म्हणून कळवलं. शाल परत जाईल म्हणून त्या हळहळल्या. मग दोन बस बदलून धायरीला गेले.

धायरी आता ओळखू येत नाही. निम्म्या शेतांत प्लॉटचे दगड पुरलेत. पोकळ्यांचं घर विचारत गेले. घराशेजारी पत्र्याच्या खोलीत पट्टी बांधायचं चालू होतं. एका म्हाताऱ्याच्या पायाला खुरपं लागलेलं. बांधणारी बाई खाली बसलेली, पदर खोचलेला, अनवाणी. तिच्या हाताकडे बघितलं मात्र, आणि मी जागीच थांबले. पट्टीचा एक वेढा दुसऱ्यावर अगदी निम्मा चढवत नेणं मी शिकवत असे. बावीस वर्षांत त्यात सूतभर फरक पडला नव्हता.

मी म्हटलं, "अहो विजयमाला, ओळखलंत का?"

तिने वर न बघता गाठ मारली. "वळखलं की. बदलीच्या कागदावर सही बघितल्याली हाय तुमची."

लग्नबिग्न काही ठरलं नव्हतं, उल्का. आसामला ती कुणालाच ओळखत नव्हती. तिथे तिच्या आधी तिची कुजबुज पोचली होती, की हिचंच काहीतरी असणार, उगीच का हलवली! राजीनामा देऊन गावात आली तर गावानेही तेच म्हटलं. तेव्हापासून ती ही पत्र्याची खोली चालवते.

तिने चहा केला. मी तुझी सगळी हकिकत सांगितली, तुझं नाव न घेता, 'आमची मुलगी' एवढंच म्हणत. मी पत्र कसं लिहिलं आणि त्याचं काय झालं तेही सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बदली आल्याली आसताना गेली न्हाई?"

"नाही."

"तितंच थांबली? त्याच दवाखान्यात?"

"तिथेच. रोज ड्यूटीवर जाते."

तिने कप खाली ठेवला. आणि म्हणाली, "मला वाटायचं, आसं करताच येत न्हाई."

मी आयुष्यात पुष्कळ बघितलंय. लढाईतून आलेली माणसं बघितली आहेत. पण त्या बाईच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटलं ते पाहून मी अक्षरशः हात जोडले. त्यात हेवा नव्हता, कडवटपणा नव्हता. कुणीतरी ते करून दाखवलं याचं निव्वळ नवल होतं. आणि मला कळलं की तुझ्याबद्दल मलाही महिनाभर तेच वाटत होतं. मी त्याला राग म्हणत होते.

मी विचारलं, "समितीला खरं लिहून द्यायचं म्हणते. तुमचं नाव लिहिलं तर चालेल का?"

"बावीस वर्सांनी इचारलंत."

"हो. फार उशीर झाला."

"लई," ती म्हणाली. "लिवा. आडनावासकट लिवा. आन खाली मला जागा ठेवा."

सोबत ते निवेदन आहे. इंग्रजीत, जसं लष्करात लिहितो तसं. मी लिहिलंय की बदलीची विनंती सर्वस्वी माझी होती, उल्काला न विचारता आणि न सांगता केलेली, आणि तिच्या इच्छेबद्दलचं वाक्य खोटं आहे. हेही लिहिलंय की नोकरीत असताना मी हेच चार वेळा केलं, आणि त्यामुळे चार पुरुष आपापल्या खुर्चीत राहिले. खालच्या चार ओळी विजयमालाच्या. तिने उंबऱ्यावर बसून, मांडीवर पाट घेऊन लिहिल्या. एक खाडाखोड नाही. सैनिकी क्रमांकही तोंडपाठ होता.

हे मी समितीला परस्पर पाठवणार होते. पाकिटावर पत्ताही लिहिला होता. मग तुझं शेवटचं वाक्य आठवलं आणि पाकीट फाडलं. म्हणून तुला पाठवते आहे. वापरायचं की चुलीत घालायचं, तू ठरव. दोन्हीतलं काहीही केलंस तरी मी तुझ्याच बाजूला आहे. हे वाक्य तुमच्या मेट्रनबाईंचं आहे. मी उसनं घेतलं.

तुझी,
सरोजआत्या

*

मार्फत ५६ ए.पी.ओ.
१९ ऑक्टोबर १९९८

प्रिय आत्या,

तुझं निवेदन दोन दिवस एप्रनच्या खिशात घेऊन फिरले. ते दिलं तर पुण्यात तुझं नाव कसं घेतील ते दिसत होतं. मग पुन्हा उघडून विजयमालाताईंच्या ओळी वाचल्या. 'मी, माजी लेफ्टनंट विजयमाला पोकळे. १९७६ साली माझी बदली झाली. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी तिथेच राहून तक्रार केली असती.' वाचलं आणि सरळ मेट्रनबाईंच्या हातात दिलं.

१५ तारखेला अध्यक्षबाईंनी ते मोठ्याने वाचलं. तुझ्या भागाला त्यांचा आवाज स्थिर होता. शेवटच्या चार ओळींना त्या थांबल्या, चष्मा पुसला, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं.  मग त्या अधिकाऱ्याने मला विचारलं, "पुण्याची बदली हातात असताना तुम्ही गेला का नाहीत?" मी म्हणाले, "मी जावं असं काही केलेलं नाही." एवढं साधं उत्तर, आत्या, आणि ते सुचायला मला अडीच महिने लागले.

मग हवालदार सातवांना बोलावलं. येतील की नाही या भीतीने मी दाराकडेच बघत होते. ते कडक इस्त्रीत आले. मेजरना सलाम केला. अगदी चोख, रोजच्यासारखा. समितीला सलाम केला. आणि सगळं सांगितलं. पडलेला रॅक, बटणं, मेजरचा हात कुठे होता ते.

त्यांना विचारलं, "दार आतून बंद होतं. आत मोजणी चालू होती. तुम्ही धक्का का मारलात?"

ते म्हणाले, "सिस्टर 'सोडा' म्हणाल्या. मराठीत म्हणाल्या. त्या आख्ख्या लायनीत मराठी समजणारा मी एकटाच व्हतो, साहेब. मग मीच मारायला पायजे व्हता धक्का."

आत्या, मी मराठीत ओरडले हे मला आठवतसुद्धा नव्हतं! ते तसेच यादीशिवाय अर्ध्या वाटेतून परत आले होते, कारण त्यांना मेजरची नजर बरी वाटली नव्हती. हेही मला तिथेच कळलं.

त्या अधिकाऱ्याने हळूच म्हटलं, "हवालदार, तुमची पेन्शन जवळ आली आहे ना?" सातव म्हणाले, "व्हय साहेब. घरी बसून खायची हाय. घशाखाली उतरली पायजे." मुख्याध्यापिकाबाईंनी पेन खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मीही. रोज चादरी मोजून देणारा हा माणूस. मी त्याला कधी नीट पाहिलंच नव्हतं.

बाहेर आल्यावर मी सातवांकडे गेले. मी हात जोडले. ते संकोचले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "सिस्टर, तेवढा रेनकोट परत करा. माझ्या नावावर चढवल्याला हाय, तपासणीत कमी भरंल." अडीच महिने त्यांनी मागितला नव्हता. मी धुऊन, इस्त्री करून दिला. रेनकोटला इस्त्री करायची नसते हे मला तेव्हा कळलं.

निकाल महिनाभराने. तुझ्यावरचा राग अजून थोडा आहे. पण तू पाकीट फाडलंस, ते मी कधी विसरणार नाही.

तुझी,
उल्का

*

मार्फत ५६ ए.पी.ओ.
२३ नोव्हेंबर १९९८

प्रिय आत्या,

तक्रार खरी ठरली. तिघींचंही एकमत. निकालात एक वाक्य आहे, तसंच्या तसं उतरवते: 'तक्रारदार अधिकाऱ्याने ड्यूटीचं ठिकाण सोडण्याचं काहीही कारण नाही.' माझी बदली रद्द झाली. मेजरना इथून हलवलंय आणि त्यांचं कोर्ट मार्शल होणार आहे. तिथे मला पुन्हा सगळं सांगावं लागेल. सांगेन.

गोदामांच्या दारांच्या आतल्या कड्या काढून टाकल्या आहेत. मोजणीला आता दोघी जातात. मेट्रनबाईंनी सगळ्या जवानांना आणि अधिकाऱ्यांना एकत्र बसवून तासभर सांगितलं, की असं काही दिसलं तर काय करायचं. सातव पहिल्या रांगेत होते आणि लाजून जमिनीकडे बघत होते. आज दुपारी मी त्याच गोदामात चादरी मोजल्या. पूर्ण मोजल्या.

बाबांना मी काल स्वतः पत्र लिहिलं. त्यांना सांभाळ.

हे विजयमालाताईंना कळवशील? त्यांना आवडत असेल तरच. आधी विचार.

तुझी,
उल्का

*

कर्वेनगर, पुणे
१ डिसेंबर १९९८

प्रिय उल्का,

श्यामने तुझं पत्र वाचलं, देवघरात जाऊन बसला, आणि बाहेर येऊन म्हणाला, "आपल्या घरात असं माणूस कधी जन्माला आलं?" मी म्हटलं, माझ्याकडे बघू नकोस, मी नव्हे. माझ्याशी तो चार दिवस बोलला नाही. आता बोलतो, पण परक्यासारखं 'आपण' म्हणून. त्याला मी पात्रच आहे.

आमच्या सिस्टर्सच्या चहाला गेले होते. विजयमालाचं सांगितलं, तिला विचारून. दोघी उठून गेल्या. एक जण जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "माझ्याकडेही तिघी आल्या होत्या." त्या मुलींचे पत्ते शोधायचं ठरलं आहे.

काल धायरीला गेले. दारातूनच विचारलं, "निकाल आलाय. सांगू का? नको असेल तर चहा पिऊन जाते." ती एका मुलाच्या हाताची पट्टी सोडत होती. म्हणाली, "थांबा." जखम धुतली, औषध लावलं, नवी पट्टी बांधली, त्याला घरी पाठवलं. हात साबणाने धुतले, कोपरापर्यंत, आपण धुतो तसे. मग उंबऱ्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "वाचा."

मी तुझं पत्र वाचलं. 'ड्यूटीचं ठिकाण सोडण्याचं काहीही कारण नाही' इथे आल्यावर तिने माझं मनगट धरलं.  डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. मी थांबले, तर म्हणाली, "तेवढं वाक्य परत वाचा." वाचलं.

"आता माझं नाव घालून वाचा."

मी वाचलं. "लेफ्टनंट विजयमाला पोकळे यांनी ड्यूटीचं ठिकाण सोडण्याचं काहीही कारण नाही." शेवटचे शब्द नीट आले नाहीत.

"सावकाश," ती म्हणाली. "परत."

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

तुझी,
सरोजआत्या